इंदापूरचा माळ आणि त्यावरील मुक्काम

'वाळवंट' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. भूगोलाच्या पुस्तकांतून आपल्या अंगवळणी पडलेला अर्थ निर्जल, ओसाड प्रदेशाचा. थर किंवा सहारा यांचे नाव घेताना तोच मनात असतो. परंतु संतवाङ्मयात वाढलेल्या मराठी माणसाच्या कानी हा शब्द पडला, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम चंद्रभागेच्या पात्रातील वाळूचा पट्टा उभा राहतो. हे वाळवंट ओसाड नव्हे. आषाढी-कार्तिकीला तेथे पाय ठेवण्यास जागा नसते. पाश्चात्त्य प्रवासवर्णनांतील मरुभूमीचा मुक्काम म्हणजे एकाकी प्रवासी, त्याचा तंबू आणि वरचे आकाश. मराठी भाषेच्या स्मृतीतील वाळवंटाचा मुक्काम म्हणजे दिंड्यांची दाटी. संस्कृतातील 'मरु' हा शब्द आपल्याकडे ग्रांथिकच राहिला. ज्या वस्तूशी नित्याचा संबंध नाही, तिला बोलीत स्वतंत्र नाव मिळत नाही, हे त्याचे कारण उघड आहे.

तथापि मरुभूमीचा भास व्हावा असा मुलूख महाराष्ट्रात नाही असे नव्हे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील इंदापूर तालुका आणि त्यास लागून असलेला बारामती तालुक्याचा जिरायती भाग यांतून एप्रिलच्या अखेरीस जो पायी गेला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. प्रस्तुत लेखात या माळावर बाहेरून येऊन किंवा फिरतीवर राहून मुक्काम करणाऱ्या तीन प्रकारच्या प्रवाशांचा विचार करावयाचा आहे : मोजणीखात्याचा अधिकारी, मेंढरे घेऊन हिंडणारा धनगर, आणि पालखीबरोबर जाणारा वारकरी. तिघांनीही या भूमीवर तळ दिला; परंतु कागद मागे ठेवला तो पहिल्याने. त्यामुळे माळाचा जो इतिहास आपण वाचतो तो बहुतांशी पहिल्या तंबूतून दिसलेला आहे, आणि तो वाचताना तंबू वर्षाच्या कोणत्या महिन्यांत उभा होता हे विचारण्याची पद्धत पडलेली नाही. ही पृच्छा अत्यंत आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम भूमीविषयी थोडेसे. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस आणि पूर्वेस भीमा वाहते, दक्षिणेस नीरा. दोहोंचा संगम आग्नेय टोकास नीरा-नरसिंहपूर येथे होतो. दोन मोठ्या नद्यांच्या बेचक्यातील हा प्रदेश कोरडा असावा हे नकाशा पाहणाऱ्यास विलक्षण वाटेल. परंतु या नद्यांचे पाणी सह्याद्रीचे आहे, मुलखाचे नव्हे. घाटमाथ्यावर जो पाऊस कित्येक हजार मिलिमीटर पडतो, तोच पूर्वेस शंभर-सव्वाशे किलोमीटर येईतो वर्षाकाठी सुमारे पाचशे मिलिमीटरवर उतरतो. जेसलमेरचा पाऊस दोनशेच्या आत असतो, तेव्हा शास्त्रीय अर्थाने ही मरुभूमी नव्हे. मरुभूमीत पाऊस येत नाही. माळावर तो येतो, परंतु कोणत्या साली आणि कोणत्या शिवारात हे सांगून येत नाही. नदीकाठची काळी जमीन सोडली, तर वर मुरूम, मुरमाखाली कातळ, आणि मुरमावर चार बोटे माती. त्या मातीवर बाभूळ, हिवर, बोर आणि कुसळी गवत. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत हाच माळ असा हिरवा होतो की, मे महिन्यात पाहिलेली भूमी ती हीच, यावर विश्वास बसू नये.

'माळ' हा शब्द या भूमीइतकाच जुना म्हणावयास हरकत नाही. मेघदूतात कालिदासाने 'माल' हा शब्द उंचवट्याच्या भूमीसाठी योजिला आहे, आणि तेथे त्याच्या शेजारीच नांगरलेल्या जमिनीचा सुगंध आणि 'क्षेत्र' हा शब्द आलेला आहे. माळ आणि शेत यांची जोडी इतकी प्राचीन आहे. त्यांतील सीमारेषा कोठे काढावयाची हा पुढे इंदापुरात राज्यकारभाराचा प्रश्न झाला.

पेशवाईचा अस्त होऊन १८१८ साली हा प्रांत इंग्रजांकडे आला. रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२४ ते १८२८ या काळात दख्खनची पहिली मोजणी केली. तो रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताने भारावलेला होता. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा शेकडा पंचावन्न भाग सरकारने घ्यावा, असे त्याचे गणित होते. परंतु निव्वळ उत्पन्न हे शेतात दिसत नाही, ते कागदावर काढावे लागते. आणि कागद ज्यांच्या हाती होता त्या कारकुनांनी ते कसे काढले हे सर्वश्रुत आहे. इंदापुरात या आकारणीचा बोजवारा उडाला. थकबाकी साचली, कुणबी गाव सोडून गेले, आणि शिवारेच्या शिवारे ओस पडली.

१८३५ साली हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड इंदापुरात आला. तो महसूल आयुक्ताचा मदतनीस होता आणि त्याचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. त्याच्या जोडीस इंजिनिअर पलटणीतील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा आला. या दोन तरुणांनी १८३६ साली इंदापुरात जी पद्धत बसविली, तीच पुढे मुंबई इलाख्याची जमीनमोजणी पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. डेव्हिडसनसह या दोघांनी लिहिलेला १८४७ चा संयुक्त अहवाल हा तिचा आधारग्रंथ होय. आज सातबाऱ्याच्या उताऱ्याने ज्याचा व्यवहार चालतो अशा प्रत्येक मराठी शेतकऱ्याचा या माळाशी, त्याला ठाऊक असो वा नसो, असा संबंध आहे.

या पद्धतीचे मर्म असे की, उत्पन्नाचा तर्क सोडून देऊन तिने जमीन जशी हाताला लागते तशी पाहिली. एका बैलजोडीस झेपेल एवढे शेत हा घटक धरला आणि त्यास 'नंबर' दिला. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाचे नाव 'आणा'. साखळीचा वर्ग तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. याप्रमाणे इंग्रजी एकर मराठी आण्यांनी मोजला गेला. नंतर प्रतवारी. प्रतवारी करणारा कारकून शेतात ठिकठिकाणी खड्डा घेऊन मातीची खोली हातांच्या मापाने पाही. पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत तिच्या पायऱ्या होत्या. मातीचा रंग आणि पोत पाहून तीन जाती ठरत. चुनखडी, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी धरून न ठेवणे अशा दोषांसाठी पायरी खाली येई. अखेर जमिनीची किंमत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत कोठेतरी बसे. माळाच्या बहुतेक जमिनी कोणत्या टोकाला बसल्या असतील, हे वाचकांनी ताडले असेलच. नाण्यांतून आणा १९५७ साली दशमान पद्धतीबरोबर मागे पडू लागला; परंतु पिकाच्या अंदाजास खेड्यांतून 'आणेवारी' म्हणण्याची सवय त्यानंतरही राहिली.

हे सर्व काम तंबूतून चाले. मोजणीचा हंगाम पावसाळा संपल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होई आणि मेअखेर आटपे. पावसाळ्यात मुख्य ठाण्यावर बसून आकडेमोड आणि नकाशे. गावोगाव हलणाऱ्या या तळाची कल्पना आजच्या वाचकास सहजी येणार नाही. साहेबाचा तंबू, कचेरीचा तंबू, कारकुनांच्या राहुट्या, शिपाई, खलाशी, बैलगाड्या. पहाटे तळ उठावयाचा आणि उन्हे चढण्यापूर्वी पुढच्या गावी उतरावयाचा. पौष-माघात माळावरचा वारा कनातीतून आत येतो, तर चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर गेल्यावर कापडाच्या छपराखाली बसणे आणि भट्टीत बसणे यांत फारसा भेद राहत नाही. तंबूला मेख लागते आणि मेखेला माती लागते. चार बोटे मातीखाली मुरूम असला म्हणजे मेख वाकते. जमिनीची खोली पाव हात आहे हे विंगेटच्या कारकुनास खड्डा घेतल्यावर कळले, त्याच्या खलाशास बहुधा आदल्या सायंकाळीच कळले असावे. पाणी गावच्या विहिरीचे, गवत आणि सरपण गावचे, आणि ते पुरविण्याचा भार कोणावर पडे हे 'वेठ' या एका शब्दात आले.

या तळाची भाषाही पाहण्याजोगी आहे. तंबू, कनात, शामियाना हे सर्व मुसलमानी अमदानीत मराठीत आलेले शब्द. मुक्काम हा मूळचा अरबी, 'उभे राहण्याचे ठिकाण' या अर्थाचा. दौराही अरबीच. मेख फारसी; परंतु तिच्यावर बसणारी मोगरी मात्र संस्कृत 'मुद्गरा'ची नात. छावणी हा आपल्या घरचा शब्द, 'छादन' म्हणजे आच्छादणे याच्या कुळातला, आणि मराठेशाहीत त्याचा विशेष संबंध पावसाळी मुक्कामाशी होता. इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या फिरत्या जीवनासाठी नवे शब्द आणले नाहीत. मोगल आणि मराठे यांनी शतकानुशतके रुळविलेली लष्करी तळाची परिभाषा त्याने जशीच्या तशी उचलली, आणि तिच्याबरोबर एक दृष्टीही उचलली असे म्हणावेसे वाटते. ती दृष्टी अशी की, तळ देणारा तो सरकार, आणि ज्या भूमीवर तळ पडला ती मुलूखगिरीची किंवा जमाबंदीची भूमी.

गोल्डस्मिड १८५५ साली कैरो येथे वारला. इंदापुरातील त्याच्या कामाची आठवण म्हणून लोकवर्गणीतून डिकसळ येथे प्रवाशांसाठी एक विश्रामगृह बांधण्यात आले आणि सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना (१८६२–१८६७) त्याच्याच हस्ते ते उघडण्यात आले. ज्याने सारी मोजणी कापडाच्या छपराखाली केली, त्याचे स्मारक दगडी छपराचे आणि तेही वाटसरूंसाठी व्हावे, हे उचितच झाले.

आता दुसऱ्या तळाकडे वळू.

धनगरांच्या फिरत्या वस्तीस 'वाडा' म्हणतात. पुण्यातील शनिवारवाडा आणि माळावरचा धनगरवाडा हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. पेशव्यांच्या वाड्यास तट आला, धनगराच्या वाड्यास जाळे राहिले. या जाळ्यास वाघूर किंवा वाघर म्हणतात. रात्री मेंढरे एकत्र बसवून भोवती खुंट्यांवर वाघूर ताणली की वाडा सिद्ध झाला. वाघापासून रक्षण करते ती वाघूर, अशी लौकिक व्युत्पत्ती ऐकू येते. ती चुकीची आहे. संस्कृतात 'वागुरा' म्हणजे मृग धरण्याचे जाळे. पारध्याच्या हातचे साधन मेंढपाळाच्या हाती गेले आणि आत कोंडण्याचे काम सोडून बाहेरच्यास अडविण्याचे काम करू लागले. बाहेरचा म्हणजे येथे मुख्यतः लांडगा. दख्खनच्या लांडग्यास 'पॅलिपेस' हे शास्त्रीय नाव कर्नल साईक्स याने १८३१ साली दिले. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तोही १८२४ पासून तंबूतूनच दख्खन हिंडत होता. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्तीही १८३१ चीच. एकाच वर्षी माळाच्या श्वापदास लॅटिन नाव मिळाले आणि माळाच्या भाषेस इंग्रजी कोश.

वाड्याचे बिऱ्हाड तट्टांवर लादलेले असते. अंथरूण-पांघरूण, भांडी, कोंबड्या, कधी नुकतेच जन्मलेले कोकरू आणि त्याच्याशेजारी पाळण्यातले मूलही. पुरुष मेंढरांमागे, बायका तट्टांबरोबर. तळाची जागा ठरविणे हे वाड्यातील अनुभवी माणसाचे काम, आणि त्यास पाण्याची, चाऱ्याची, शेतकऱ्याच्या मर्जीची अशी तिहेरी माहिती लागते. शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेतो. रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंड्या आणि मूत्र हे जमिनीस खत होते, आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसा मिळतो. साहेबाचा तळ गावावरून उठला म्हणजे गाव सुटकेचा श्वास टाकी. वाड्याचा तळ उठू नये, आणखी दोन रात्री राहावा, म्हणून शेतकरी आर्जव करी. दोन मुक्कामांमधील हा भेद लहान नव्हे. पाऊस आला तर पाल उभारावयाचे, एरवी घोंगडी हाच तंबू. मेख येथेही लागते, पण उद्या ती उपटावयाची आहे हे ठाऊक असल्याने खोल जाण्याचा हट्ट नसतो.

या तळाचे कालचक्र हा आपल्या विवेचनाचा कळीचा भाग आहे. मेंढीला ओल सोसत नाही. चिखलात तिचे खूर कुजतात, संततधार पावसात ती रोगाने मरते. म्हणून पावसाळ्याचे चार महिने धनगर कोरड्या मुलखात, म्हणजे आपल्या गावाजवळच्या माळावर काढतो. त्या वेळी माळ हिरवा असतो आणि पाऊस बेताचा. दिवाळी झाली, गवत वाळू लागले, की वाडे पश्चिमेकडे निघतात. मावळात, घाट उतरून कोकणात, भातखाचरे मोकळी झालेली असतात तेथे. वळवाचा पाऊस पडू लागण्याच्या सुमारास ते परततात. सर्वच कळप जातात असे नव्हे, काही जवळपासच फिरतात, म्हातारी माणसे गावी राहतात. परंतु मोठा ओघ असा आहे. ही रीत मेंढीच्या शरीरधर्मावर आणि सह्याद्रीच्या पर्जन्यमानावर आधारलेली असल्याने ती मोजणीहून कितीतरी पूर्वीची असली पाहिजे, हे उघड आहे.

दोन्ही पंचांगे आता शेजारी ठेवून पाहावीत. मोजणीचा तंबू नोव्हेंबर ते मे माळावर. धनगरांचा वाडा जून ते ऑक्टोबर माळावर. ज्या महिन्यांत मोजणीदाराने साखळी टाकली त्या महिन्यांत माळाचा मुख्य वापरकर्ता शंभर मैल दूर कोकणात होता. आणि ज्या महिन्यांत तो परतला, त्या महिन्यांत मोजणीदार ठाण्यावर बसून कागद पूर्ण करीत होता. हे दोन तळ एकमेकांस क्वचितच भेटले असतील. तंबूतून जे दिसले ते वाळलेले गवत, उघडा मुरूम आणि कोणी कसत नसलेली जमीन. टिपणात शब्द पडला : 'पडीक'.

'पडीक' हा शब्द मोजणीने घडविला नाही. पेशवाईच्या दप्तरांत पड जमीन आहेच, आणि ती लागवडीस आणण्यासाठी चढत्या साऱ्याचा इस्तावा देण्याची, कौल देण्याची रीतही आहे. परंतु त्याच दप्तरात 'वनचराई' या नावाची बाबही आहे. चराईवर पट्टी घेणे म्हणजे चरणाऱ्याचे अस्तित्व सरकारने मान्य करणे होय. एका जमाखर्चात एकच माळ कुणब्याच्या दृष्टीने पड आणि धनगराच्या दृष्टीने वन, असा दोन्हीकडे मांडला जाऊ शके. मोजणीत नंबर एकच आणि त्याचा रकानाही एकच. जमीन एक तर खातेदाराची, नाही तर पडीक. पडीक नंबरांवरचे गवत दरसाल लिलावाने विकले जाऊ लागले. चराईचा हक्क अशा रीतीने वहिवाटीतून निघून बोलीत गेला, आणि बोली लागली तेव्हा वाडा कोकणात होता की गावी होता याची कोणास फिकीर नव्हती.

विंगेट-गोल्डस्मिड यांस दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी सारा उतरविला, तीस वर्षे तो स्थिर ठेवला, आणि कुणब्यास पळून जाण्याचे कारण उरू दिले नाही. त्यांच्या आधीच्या आकारणीशी तुलना करता ही मोठीच कामगिरी होती. परंतु तिच्या यशाचे माप काय ठरले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तीस वर्षांनंतर फेरआकारणी झाली, त्या वेळी माणसे किती वाढली, गाड्या, नांगर, विहिरी किती वाढल्या, आणि पडीक किती घटली, यांवरून मुलखाची भरभराट मोजण्यात आली. पडीक घटणे म्हणजे माळ घटणे. दोन आण्यांची जमीन नांगराखाली येणे. अशा जमिनीत चांगल्या साली बाजरी येते आणि वाईट साली माती उडून जाते. १८७५ च्या १२ मे रोजी सुपे येथे सावकारांच्या वह्या जळाल्या. १८७६–७७ चा दुष्काळ त्याच्या पाठोपाठ आला. दंग्यांची कारणे अनेक आहेत, वाढलेला सारा आणि कापसाच्या भावाची पडझड ही त्यांतील ठळक, आणि त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या भूमीने हिंडणाऱ्यास पोसावे अशीच तिची घडण, तिच्यावर बसून खाणाऱ्याचे कर्ज किती साचेल, हा विचारही त्या कारणांच्या रांगेत कोठेतरी बसला पाहिजे.

तिसरा तळ पालखीचा. तुकोबांच्या पालखीचा सोहळा त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केला. देहूहून निघालेली पालखी पुणे, यवत, वरवंड, उंडवडी करीत बारामतीस येते. पुढे सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत नीरा ओलांडते. ज्येष्ठ-आषाढातील हे दिवस. लाखोंचा समुदाय याच माळावरून जातो आणि रात्री उघड्यावर उतरतो. पालखी जेथे उतरते ती जागा 'पालखीतळ'. चोपदार, नगारा, कर्णा, राहुट्या ही सर्व परिभाषा लष्करी तळाचीच. परंतु तळाचा अर्थ येथे उलटतो. हा तळ भूमीवर हक्क सांगत नाही आणि तिचे माप घेत नाही. एका रात्रीपुरते गाव त्याचे यजमान होते, पहाटे तळ उठतो, आणि मागे चुलीची तीन दगडांची खूण तेवढी राहते. आज टँकर, वीज, फिरती रुग्णालये आली आहेत. तरी आषाढातील सरीत राहुटीच्या कडेने पाणी आत येऊ लागले की काढावा लागणारा चर अद्याप हातानेच काढावा लागतो.

बारामती सोडून सणसरकडे जाताना काटेवाडीस एक विधी होतो, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तेथे धनगर आपली मेंढरे आणतात आणि पालखीभोवती त्यांचे रिंगण होते. कळपास रोगराई होऊ नये, ही त्यामागील श्रद्धा. पुढे बेलवाडीस आणि इंदापुरास अश्वांची रिंगणे होतात, त्यांचे वर्णन सर्वत्र वाचावयास मिळते; मेंढरांचे रिंगण पाहणाऱ्यास बहुधा गंमत वाटते. वस्तुतः काळाच्या दृष्टीने हीच अर्थपूर्ण गोष्ट आहे. आषाढ म्हणजे वाडे माळावर परतलेले असण्याचा काळ. मोजणीच्या तळाची आणि वाड्याची भेट पंचांगाने होऊ दिली नाही. पालखीच्या तळाची आणि वाड्याची ती दरसाल होते. विठ्ठल आणि धनगरांचे देव यांच्या नात्याविषयी रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात आणि गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवरील आपल्या संशोधनात जे मांडले आहे, ते दैवतांच्या उगमाविषयी आहे. काटेवाडीच्या रिंगणात त्या नात्याचा चालता पुरावा आहे.

सोन्थायमर यांनी दख्खनच्या संस्कृतीतील 'वन' आणि 'क्षेत्र' या दोन कोटींवर भर दिला, आणि त्यांतील ये-जा हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. भाषेच्या अभ्यासकास या ये-जाचा पुरावा एका शब्दात सापडतो. 'अरण्य' या शब्दापासून मराठीत 'रान' आले. इंदापूर-बारामतीकडे 'मालक रानात गेलेत' याचा अर्थ ते शेतावर गेले आहेत असा होतो. रान नांगरतात, रान पेरतात, रानाला पाणी देतात. अरण्याचा वाचक शब्द याप्रमाणे शेताचा वाचक झाला. परंतु 'गायरान' या समासात रानाचा जुना अर्थ जिवंत राहिला : जेथे गुरे मोकळी चरतात ते. एकाच बोलीत, एकाच दिवशी, एकच माणूस हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो आणि त्याची गफलत होत नाही. 'पडीक' शब्दास ही लवचीकता नाही. 'पडणे' या धातूपासून आलेला हा शब्द जमिनीचा विचार फक्त नांगराच्या अपेक्षेने करतो. जे नांगरले नाही ते पडले. 'पोटखराबा' हा त्याचा अरबी-मराठी मिश्र भाऊ.

शब्दांचे हे भेद पुढे कायद्यात उतरले. मुंबईच्या १८७९ च्या जमीनमहसूल अधिनियमात गावाच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवण्याची तरतूद आली, आणि १९६६ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमात ती कायम राहिली. शब्दयोजना पाहावी : गावाची गुरे. धनगर आपल्या गावी असतो तोवर त्याची मेंढरे गावाची. वाडा वेशीबाहेर पडला की वाटेवरच्या प्रत्येक गावी ती परक्याची. ज्याचा व्यवसायच चालण्याचा, त्यास मुक्कामाच्या कोणत्याही ठिकाणी 'गावाचा' म्हणता येत नाही. कायद्याला स्थायिक माणूस ठाऊक आहे, प्रवासी ठाऊक आहे. परंतु दरसाल त्याच जागी परतणारा प्रवासी बसविण्यास त्याच्याजवळ रकाना नाही.

नंतरची हकिकत थोडक्यात सांगता येईल. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून मिळू लागले, भाटघरचे पहिले धरण १८९२ साली पुरे झाले, नवे १९२८ साली. कालव्याखालची जमीन उसाची झाली. वालचंदनगर उभे राहिले, नंतर सहकारी साखर कारखाने. १९८० साली उजनीचे धरण झाले आणि भीमेकाठची गावे पाण्याखाली जाऊन वर सरकली. माळ उरला तो कालव्याच्या वर, जेथे पाणी चढत नाही तेथे. केंद्र सरकारच्या भूमिसंसाधन विभागाने काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात अशा गवताळ आणि झुडपी जमिनींचा समावेश आजही होतो. उपग्रहाचा डोळा आला, पण रकान्याचे नाव विंगेटच्या टिपणातलेच राहिले. दुसरीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथील गवताळ माळांवर वनखात्याने पर्यटकांसाठी सफारी सुरू केली आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक हे पाहण्यास शहरातून लोक येतात. दोन आण्यांची म्हणून टाकलेली जमीन पाहण्यास तिकीट काढावे लागावे, यावर विंगेट काय म्हणाला असता कोण जाणे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे यातून एक काम ठेवता येईल. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात परगणावार जमाखर्च आहेत, आणि मोजणीची टिपणे व गावनकाशे भूमिअभिलेख कार्यालयांतून मिळतात. इंदापूर परगण्यातील वनचराईच्या नोंदी आणि पहिल्या मोजणीतील पडीक नंबर गावागणिक समोरासमोर मांडून पाहावेत. ज्या गावी वनचराईची रक्कम मोठी, त्या गावी पडीक नंबरही अधिक आढळले, तर त्या जमिनी ओस पडल्या नव्हत्या, पूर्वीपासून चराईच्याच होत्या, असे म्हणण्यास कागदाचा आधार मिळेल. न आढळले तर प्रस्तुत लेखातील तर्कास मुरड घालावी लागेल. गावांची नावे लावताना उजनीमुळे सरकलेल्या वस्त्या आणि १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर बदललेले गट नंबर यांची अडचण येईल, ती गावच्या माणसांना विचारूनच सोडवावी लागेल. मोडीचे वाचन करणारा एक आणि माळाची बोली जाणणारा एक, अशी जोडी या कामास घातली पाहिजे. क्षेत्रकार्य ऑगस्ट-सप्टेंबरात ठेवावे. दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास वाडे निघून गेलेले असतात.